‘टेक ऑफ’ म्हणजे चपला उडवायच्या?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की इंग्रजीत अडखळणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांविषयी आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात आठवडाभर चर्चा होते आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर ती थंडावते. त्या चर्चेत व्याकरण, उच्चार, शिक्षकांची रिक्त पदे, इंग्रजी माध्यमाचे आकर्षण अशा मोठ्या विषयांना जागा मिळते. मला मात्र आज एका लहानशा पण चिवट अडचणीविषयी लिहायचे आहे. इंग्रजीत ‘गिव्ह’, ‘टेक’, ‘पुट’, ‘गेट’ अशा साध्या क्रियापदांच्या मागे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ऑन’ यांसारखे एखादे चिमुकले अव्यय येऊन बसते आणि क्रियापदाचा अर्थ पार बदलून जातो. या जोड्यांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात. दापोली तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत ३१ वर्षे इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले, आणि या जोड्या मी ३१ वर्षे चुकीच्या पद्धतीने शिकवल्या, हे गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे उतरलेल्या एका रशियन भाषिक पाहुण्या बाईंनी, त्यांच्याही नकळत, मला दाखवून दिले.

आमचे घर दाभोळपासून जवळ आहे. मुलाने आणि सूनबाईंनी मागच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी तयार केल्या असून मुरूड-कर्देच्या गर्दीला कंटाळलेली माणसे अधूनमधून इकडे वळतात. या बाई मात्र मुद्दाम दाभोळसाठी आल्या होत्या. अफनासी निकितीन नावाचा त्वेर शहरचा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात विकायला एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला, जुन्नर, बिदर असा हिंडला आणि परतीच्या वाटेवर दाभोळहून गलबतात बसला, ही हकिगत रशियात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. (आपल्याकडे दाभोळ म्हटले की लोकांना वीजप्रकल्प आठवतो, आणि तोही खरे तर खाडीपलीकडे अंजनवेलला आहे.) आठ दिवसांसाठी आलेल्या बाई दीड महिना राहिल्या. परत गेल्यावर त्यांना इंग्रजीची एक परीक्षा द्यायची होती. घरात निवृत्त का होईना पण इंग्रजीची शिक्षिका आहे, हे कळताच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आपली वही पडवीत माझ्यापुढे उघडून ठेवली.

त्या वहीत दर पानाच्या मध्यभागी एक क्रियापद लिहिलेले होते आणि त्याच्याभोवती माडाच्या झावळ्यांसारखी त्याची रूपे पसरलेली होती. ‘गेट’च्या पानावर गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अलाँग अशा वीस-बावीस जोड्या होत्या आणि प्रत्येकीसमोर वेगळ्या शाईत एकच रशियन शब्द. नेमक्या त्याच आठवड्यात माझी नववीतली नात चाचणी परीक्षेसाठी एका मार्गदर्शक पुस्तिकेतील यादी घोकत होती. तीही तशीच, फक्त वर्णानुक्रमे लावलेली आणि प्रत्येक जोडीसमोर एक मराठी अर्थ. त्या यादीत ‘टेक ऑफ’चा अर्थ ‘उड्डाण करणे’ असा होता, आणि खालच्या सरावाच्या उताऱ्यात आई मुलाला ओल्या चपला ‘टेक ऑफ’ करायला सांगत होती. नात म्हणाली, “आजी, चपला उडवायच्या?” आम्ही हसलो. पाहुण्या बाईंना कारण सांगितल्यावर त्या आमच्याहून जास्त वेळ हसल्या, कारण त्यांच्या वहीत ‘टेक ऑफ’चा एकच अर्थ होता, ‘अंगावरून काढणे’, आणि विमान नेमके काय काढून ठेवते हा प्रश्न त्यांना बरेच दिवस पडलेला होता. रशियनमध्ये कपडे काढण्यासाठी ‘स्न्यात’ आणि विमानाने आकाशात झेपावण्यासाठी ‘व्झलितेत’ अशी दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत. इकडे एक मुलगी आणि तिकडे एक प्रौढ बाई, दोघींच्या भाषा वेगळ्या, लिप्या वेगळ्या, आणि दोघीही एकाच प्रकारच्या यादीने एकाच खड्ड्यात पडलेल्या.

ही अडचण आजची नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदामागे अव्यय जोडून अर्थ फिरवण्याची ही तऱ्हा परकीयांना सर्वाधिक जड जाते, असे नमूद करून ठेवले आहे. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव पुष्कळ नंतरचे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ते १९२५ मध्ये रूढ केले. नाव शंभर वर्षांचे, दुखणे त्याहून फार जुने.

रशियन माणसाला ही गोष्ट अवघड का जावी, याचे मला पहिल्यांदा नवल वाटले, कारण तशीच युक्ती त्यांच्या भाषेत पदोपदी आहे. फक्त ती क्रियापदाच्या मागे नसून पुढे आहे. ‘पायी जाणे’ या अर्थाचे त्यांचे क्रियापद ‘इत्ती’ असे उच्चारले जाते. त्याला उपसर्ग लागले की ‘प्रिय्ती’ म्हणजे येऊन पोचणे, ‘ऊय्ती’ म्हणजे निघून जाणे, ‘व्हीय्ती’ म्हणजे बाहेर पडणे, ‘पिरिय्ती’ म्हणजे ओलांडणे, ‘झाय्ती’ म्हणजे जाता जाता कोणाकडे डोकावणे, आणि ‘नाय्ती’ म्हणजे चक्क सापडणे. यातील शेवटचा शब्द ऐकल्यावर मी त्यांना थांबवले. ‘ना’ म्हणजे वर आणि पुढे ‘जाणे’; एखाद्या वस्तूवर चालत जाऊन आदळावे, तसे ते सापडणे. इंग्रजीतील ‘कम अपॉन’ आणि ‘कम अक्रॉस’ यांत हेच चित्र नाही काय? बाईंनी हा शब्द लहानपणापासून हजारो वेळा वापरला होता, पण त्यात ‘जाणे’ दडलेले आहे याचा विचार त्यांनी त्या संध्याकाळपर्यंत केलेला नव्हता. ‘पुट ऑफ’, म्हणजे पुढे ढकलणे, ही जोडी त्यांनी तीनदा पाठ करून तीनदा विसरली होती. तिचा रशियन प्रतिशब्द ‘अतलझीत’ आहे, त्यातील ‘अत’ म्हणजे दूर आणि उरलेला भाग ठेवण्याचा, म्हणजे अवयवाला अवयव जुळतो, हे दिसल्यावर ती पुन्हा पाठ करावी लागली नाही.

यावरून मला संस्कृतचा तास आठवला. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे सारे एकाच धातूचे, आणि उपसर्ग त्या धातूला बळेच दुसरीकडे ओढून नेतो, हे आमच्या पिढीला श्लोकासकट शिकवले जाई. रशियन ‘दात’ म्हणजे देणे हे आपल्या ‘दा’ धातूचे सख्खे भावंड आहे आणि त्यांचा ‘प्रो’ हा आपल्या ‘प्र’चा. तरीही ‘प्रदान’ म्हणजे सन्मानाने देणे आणि रशियन ‘प्रदात’ म्हणजे विकणे! सुटे भाग एकच असताना दोन भाषांत अर्थ असे फाकतात, तर इंग्रजी ‘गिव्ह’ आणि ‘अप’ वेगवेगळे कळले म्हणून ‘गिव्ह अप’ कळेल, अशी अपेक्षा आपण मुलांकडून कोणत्या आधारावर करतो?

‘गिव्ह अप’चेच घ्या. शरण जाणे या अर्थी रशियनमध्ये त्याच ‘दात’पासून झालेले ‘झ्दात्सा’ आहे, तेव्हा इथे दोन्ही भाषांना ‘देणे’च सुचले. पण सिगारेट सोडण्यासाठी ते ‘ब्रोसित’ म्हणतात, म्हणजे ‘फेकणे’. आपण विडी सोडतो किंवा सोडून देतो, आणि त्या ‘सोडून देतो’त आपल्याकडेही शेवटी ‘देणे’ येऊन बसलेले आहे. कोणाला काय दिले, हे कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटली. या बाईंचे इंग्रजी चुकत नसे, पण ते सरकारी परिपत्रकासारखे वाटे. फेरीबोट केव्हा ‘डिपार्ट’ होईल, आवाज ‘टॉलरेट’ होत नाही, सहल ‘पोस्टपोन’ करू या, असे त्या म्हणत. ‘लीव्ह’, ‘पुट अप विथ’, ‘पुट ऑफ’ तोंडातून येत नसे. वही मात्र त्यांच्याच जोड्यांनी भरलेली होती. हे टाळणे अभ्यासकांनाही ठाऊक आहे. १९८५ साली दगुत आणि लाउफर यांनी हिब्रू भाषिक विद्यार्थ्यांच्या बाबतीत दाखवले की मातृभाषेत अशी रचना नसलेले विद्यार्थी फ्रेजल व्हर्ब टाळून एकाकी क्रियापदाचा आसरा घेतात. लॅटिन वळणाचे शब्द रशियन भाषेतही पुष्कळ रुळलेले असल्यामुळे तो आसरा रशियन माणसाला हाताशीच असतो. आपली तऱ्हाही निराळी नाही. आपल्या कचेऱ्यांतील ‘काइंडली इंटिमेट’ छापाचे इंग्रजी आणि आमच्या विद्यार्थ्यांचे निबंध एकाच घाण्यातून निघतात. मुलगा ‘डिसकंटिन्यू’ लिहील, ‘गिव्ह अप’ लिहिणार नाही, आणि शिक्षक म्हणून आम्ही त्याला भारी शब्दाचा अर्धा गुण जास्त देऊ.

खरा धडा मिळाला तो मात्र स्वयंपाकघरात, आणि तोही इंग्रजीचा नव्हे. सूनबाई फोनवर आपल्या बहिणीला म्हणत होत्या, “मी रागाच्या भरात बोलून बसले.” पाहुण्या बाईंना ‘बसा’ हा शब्द गावातल्या प्रत्येक घरी ऐकून पाठ झाला होता. त्यांनी विचारले, बोलताना त्या बसल्या होत्या का? मी ‘नाही’ म्हणाले आणि समजावून सांगायला गेले, तेव्हा माझीच वाट बंद झाली. बोलून बसणे म्हणजे बोलायला नको होते ते बोलणे आणि आता पस्तावणे. बोलून टाकणे म्हणजे मनातले एकदाचे बाहेर काढून मोकळे होणे. बोलून जाणे म्हणजे भान नसताना तोंडून निघणे. बोलून दाखवणे म्हणजे मनात असलेले मुद्दाम समोरच्याच्या कानावर घालणे, आणि बोलून घेणे म्हणजे पुढची वेळ येण्याआधी आपले म्हणणे उरकणे. मूळ क्रिया एकच, ‘बोलणे’. मागे बसलेली, गेलेली, टाकलेली क्रियापदे आपला मूळ अर्थ घरी ठेवून आलेली. आणि हा सगळा पसारा माझी नात तिसरीत असल्यापासून बिनचूक वापरते. तिला त्याची यादी कोणी दिलेली नाही. मालगुंडच्या दामले घराण्यातील, केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी व्याकरणात संयुक्त क्रियापदांची चर्चा केली आहे. पण शाळेत आम्ही ती चार ओळींत उरकतो आणि इंग्रजीच्या तासाला तर तिची आठवणही काढत नाही.

पाहुण्या बाईंनी मग तोच खेळ स्वतःच्या भाषेवर करून पाहिला. ‘पेरे’ हा त्यांचा उपसर्ग रस्ता ओलांडण्यात आहे, निरोप पुढे पोचवण्यात आहे, केलेले काम पुन्हा करण्यात आहे आणि प्रमाणाबाहेर खाण्यातही आहे. या चार ‘पेरें’चा परस्परांशी काय संबंध, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार करून सांगितले की एखादी हद्द पार करणे हे चौघांतही असावे. त्यांचे उत्तर व्याकरणाच्या कसोटीला कितपत उतरेल, हा प्रश्न निराळा. पण इंग्रजी ‘अप’ला अनेक अर्थ आहेत म्हणून चिडणारी व्यक्ती त्या क्षणापासून चिडायची थांबली.

तो ‘अप’ आम्ही तिघींनी दोन संध्याकाळी चघळला. ‘ईट अप’ म्हणजे वर खाणे नव्हे, खाऊन टाकणे. ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाकणे. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. रशियनमध्ये क्रिया चालू आहे की पुरी झाली, हे क्रियापदाच्या रूपातच सांगावे लागते, आणि बऱ्याचदा ते काम उपसर्ग करतो. ‘पित’ म्हणजे पिणे, ‘व्हीपित’ म्हणजे पिऊन टाकणे. त्यातील ‘व्ही’चा मूळ अर्थ ‘बाहेर’. पेला रिकामा करायचा असेल तर इंग्रज वरच्या दिशेने जातो, रशियन बाहेरच्या दिशेने आणि आपण टाकून मोकळे होतो. नातीला हे इतके आवडले की पुढचे आठ दिवस जेवताना तिने ताटातली शेवटची फोड कोणत्या भाषेत संपवायची, असा प्रश्न प्रत्येकाला विचारला. मुद्दा असा की ‘ईट अप’मधला ‘अप’ तिला पाठ करावा लागला नाही; तो ‘टाकणे’च्या जागी आपोआप जाऊन बसला. ‘फाइंड आउट’ला शोधून काढणे, ‘ट्राय आउट’ला करून बघणे, ‘सिट अप’ला उठून बसणे, ‘गो अवे’ला निघून जाणे, असे करत गेलो, तर तिच्या यादीतील निम्म्याहून अधिक जोड्यांना घरचे जोडीदार मिळाले. पुस्तिकेत ‘फाइंड आउट’समोर ‘शोधणे’ एवढेच छापले होते, आणि त्यामुळे ‘लुक फॉर’ आणि ‘फाइंड आउट’ यांत तिला फरकच दिसत नव्हता. ‘शोधणे’ आणि ‘शोधून काढणे’ यांतला फरक मात्र तिला कोणी शिकवावा लागत नाही.

आता ही जुळणी सगळीकडे चालते, असे मी म्हणणार नाही. जिथे ती मोडते, तिथेच खरी शिकवणी करावी लागते. पहिली मोड जागेची आहे. इंग्रजीत क्रियापद आणि अव्यय यांच्या मध्ये कर्म येऊ शकते, आणि ते ‘इट’, ‘देम’ असे सर्वनाम असेल तर मध्येच यावे लागते: ‘पिक इट अप’ म्हणावे लागते, ‘पिक अप इट’ चालत नाही. रशियन उपसर्ग क्रियापदाला असा चिकटलेला असतो की मध्ये सुई शिरत नाही, म्हणून पाहुण्या बाई शेवटपर्यंत इथे चुकत राहिल्या. आपल्या मुलांना ही गोष्ट तितकी परकी वाटू नये. आपण ‘देऊन एकदाचे टाक’ म्हणतो, ‘सोडून तरी दे’ म्हणतो. जोडीच्या मध्ये दुसरा शब्द शिरलेला आपल्या कानाला खपतो. फार मागे जायचे तर पाणिनीने उपसर्ग धातूच्या आधी येतात असे सांगून लगेच पुढच्या सूत्रांत, वेदांत ते नंतरही येतात आणि मध्ये अंतर ठेवूनही येतात, अशी सूट दिली आहे. नववीच्या वर्गात पाणिनी काढण्याची गरज नाही, हे मलाही कळते. शिक्षकाला मात्र हे माहीत असले तर तो ‘पिक इट अप’कडे इंग्रजांचा विक्षिप्तपणा म्हणून पाहणार नाही.

दुसरी मोड आघाताची, आणि तिच्याबद्दल शाळेत कोणी अक्षर काढत नाही. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना आवाजाचे वजन ‘ऑफ’वर पडते. आमची मुले तिन्ही शब्द सारख्याच वजनाने म्हणतात आणि मग ऐकताना त्यांना तो ‘ऑफ’ सापडत नाही. इथे पाहुण्या बाईंचा कान तयार होता, कारण क्रिया पुरी झाल्याचे सांगणाऱ्या त्यांच्या क्रियापदांत ‘व्ही’ आला की आघात नेहमी त्या ‘व्ही’वरच पडतो.

तिसरी मोड चित्राची आहे. वाहनात चढण्यासाठी रशियन माणूस ‘बसणे’ वापरतो आणि आपणही ‘रिक्षात बस’, ‘एसटीत बस’ म्हणतो. दोघांनाही इंग्रजीचा ‘गेट’ परका, आणि त्यात पुन्हा रिक्षात ‘गेट इन’ पण एसटीत ‘गेट ऑन’. हे समजवायला मी त्या दोघींना दाभोळच्या धक्क्यावर नेले आणि धोपाव्याला जाणारी फेरीबोट भरताना पाहायला लावले. ज्या वाहनात उभे राहून चार पावले टाकता येतात त्यात ‘ऑन’, ज्यात वाकून शिरावे लागते त्यात ‘इन’. फेरीबोटीवर माणसे ‘ऑन’ जात होती आणि त्याच फेरीबोटीवर चढलेल्या मोटारीत लोक ‘इन’ बसलेले होते. हे उदाहरण मी ३१ वर्षांत एकदाही वर्गात वापरले नाही, जरी अर्धा वर्ग त्या फेरीबोटीने ये-जा करत असे.

‘रन आउट’चीही अशीच गंमत. आपण ‘साखर संपली’ म्हणतो. रशियनमध्येही संपते ती साखर, माणूस नव्हे. इंग्रजीत मात्र बहुधा माणूसच साखरेतून धावत बाहेर पडतो: ‘वुई हॅव रन आउट ऑफ शुगर’. इथे शब्दाला शब्द लावून भागत नाही, वाक्याचा कर्ताच बदलावा लागतो, आणि यादीत वाक्य नसल्यामुळे हा बदल विद्यार्थ्याला कधी दिसतच नाही.

आपल्या मुलांची एक चूक तर फक्त आपलीच आहे. ‘फॅन ऑन कर’, ‘लाइट ऑफ कर’, ‘त्याचा मूड ऑफ आहे’ ही वाक्ये आता वाडीवस्तीवरची आजीही म्हणते. म्हणजे मराठीने इंग्रजी जोडीतले क्रियापद टाकून दिले, अव्यय ठेवून घेतले आणि त्याला आपले ‘करणे’ लावले. मराठी म्हणून यात मला काही वावगे वाटत नाही. दिवा लावणे आणि मालवणे हे शब्द जाऊ नयेत एवढेच. पण हीच मुले इंग्रजी लिहू लागली की ‘ऑफ द फॅन’ लिहितात, कारण त्यांच्या दृष्टीने ‘ऑफ’ हेच क्रियापद आहे. त्यावर लाल शाईची रेघ ओढून भागत नाही. आपण ‘टर्न’ची जागा ‘करणे’ला दिली आहे, ती इंग्रजीत परत करायची, असे एकदा सांगितले की मुले पुन्हा सहसा चुकत नाहीत, हे मी नातीवर आणि तिच्या तीन मैत्रिणींवर करून पाहिले आहे. चार मुलींवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण पद्धत करून पाहायला एवढे पुरेसे आहे.

यादीच्या बाजूने एकच युक्तिवाद मी नेहमी ऐकते: जोड्या हजारो आहेत, मग पाठ केल्याशिवाय कसे भागेल? गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी २००७ साली ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या सुमारे १० कोटी शब्दांच्या संग्रहाची छाननी केली, तेव्हा सर्वाधिक वापरातल्या १०० जोड्यांनीच एकूण वापराचा निम्म्याहून अधिक भाग व्यापलेला आढळला. हे दिलासा देणारे आहे. मात्र त्याच अभ्यासानुसार त्या १०० जोड्यांपैकी प्रत्येकीला सरासरी पाचांहून अधिक अर्थ आहेत. म्हणजे एका जोडीसमोर एक अर्थ छापणारी शंभराची यादी पाठ करणाऱ्या मुलाला खरे तर पाचवा हिस्साही मिळत नाही. आणि जो मिळतो तो ‘उड्डाण करणे’सारखा असला की ओल्या चपला हवेत जातात.

इंग्रजीच्या तासाला मराठी नको, असे म्हणणारे माझे सहकारी हे पत्र वाचून नाराज होतील. मीही वर्गाच्या फळ्यावर ‘इंग्लिश ओन्ली’ लिहीत असे. पण आमच्या वर्गात मराठी बंद कधीच नव्हती. ती मार्गदर्शक पुस्तिकेच्या उजव्या रकान्यात एकेका शब्दाच्या, वाळलेल्या रूपात बसलेली होती. मातृभाषा वर्गात येणारच असेल, तर ती ‘शोधणे’ म्हणून न येता ‘शोधून काढणे’ म्हणून यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. कोकणातल्या शिक्षकांना तर आणखी एक सोय आहे. मालवणी, संगमेश्वरी किंवा आगरी बोलणारे मूल आपल्या घरची क्रियापदे वर्गात सांगू लागले की प्रमाण मराठीत नसलेल्या छटाही हाती येतात, आणि जे मूल इंग्रजीच्या तासाला वर्षभर तोंड उघडत नाही तेच त्या दिवशी सर्वांत जास्त बोलते. नातीच्या एका मैत्रिणीच्या बाबतीत मी हे पाहिले.

पाहुण्या बाई फेब्रुवारीच्या अखेरीस गेल्या. जाताना त्यांनी आपल्या वहीची नवी मांडणी मला दाखवली. मध्यभागी आता क्रियापद नव्हते, अव्यय होते. ‘अप’चे एक पान, ‘ऑफ’चे एक, ‘आउट’चे एक, ‘ऑन’च्या पानावर ‘गो ऑन’, ‘कॅरी ऑन’, ‘कीप ऑन’ असे चालू राहण्याचे सगळे प्रकार एकत्र आलेले. प्रत्येक जोडीखाली एक पुरे वाक्य होते आणि त्यातली बरीच वाक्ये आमच्या घरातली होती: मांजर भिंतीवरून ‘जम्प ऑफ’ झाले, वीज ‘गो ऑफ’ झाली, सूनबाईंनी सोलकढी ‘ड्रिंक अप’ करायला सांगितली. ‘पुट अप विथ’ला मात्र कोणतेच पान मिळाले नव्हते. ते त्यांनी शेवटच्या पानावर एकटेच लिहिले होते आणि खाली आमच्या कोंबड्याचे उदाहरण दिले होते.

आता माझी विनंती. आपल्या दैनिकात शाळांसाठी आठवड्यातून एकदा अर्धे पान असते आणि त्यात बहुधा सामान्यज्ञानाचे प्रश्न व शब्दकोडी येतात. त्या पानावर दर आठवड्याला एकच अव्यय घेऊन, त्याच्या पाच-सहा जोड्या पूर्ण इंग्रजी वाक्यांत आणि त्यांच्या शेजारी जुळणारी किंवा मुद्दाम न जुळणारी मराठी संयुक्त क्रियापदे, असे लहानसे सदर सुरू करता येईल. वाक्ये आपल्याकडचीच असावीत: फेरीबोट, एसटी, आंब्याची पेटी, पावसात गेलेली वीज. वाचक शिक्षकांनी आपापल्या वर्गातील चुका पाठवाव्यात. चुकांइतके उपयोगी साहित्य कोणत्याही पुस्तिकेत मिळत नाही. यासाठी मला मानधन नको. पहिल्या १२ आठवड्यांपुरती वाक्ये माझ्याकडे तयार आहेत आणि आपण कळवल्यास ती वही टपालाने पाठवीन. ती नातीच्या अक्षरात आहे. काही पानांच्या समासात रशियन अक्षरे दिसतील. ती पाहुण्या बाईंची आहेत, छापताना तेवढी गाळावीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
दाभोळ परिसर, ता. दापोली, जि. रत्नागिरी